मधला शब्द

अर्ध्या सेकंदात एक्केचाळीस ओळी पडद्यावर आल्या आणि बुलेल्वाला आधी चक्क बरं वाटलं. एवढे दाखले मिळाले की नोंद झटपट होते, आणि नोंद झटपट झाली की मुख्य संपादक मागाद्लासाहेब दुपारच्या आत तिसऱ्यांदा टेबलाशी येऊन उभे राहत नाहीत. मोंटी शहरातल्या त्या शब्दकोशाच्या कचेरीत ती सतरा वर्षं होती आणि शोधाचं हे काम झोपेतही करू शकली असती. चौकटीत एक शब्द टाकायचा. मग पंचवीस वर्षांत जमवलेल्या खोसा भाषेतल्या सगळ्या मजकुरातून, म्हणजे वर्तमानपत्रं, प्रवचनं, शाळेची पुस्तकं, टेपवरून उतरवलेलं म्हाताऱ्याकोताऱ्यांचं बोलणं, या सगळ्यातून तो शब्द जिथे जिथे आला असेल ती प्रत्येक ओळ एकाखाली एक येऊन उभी राहायची. शब्द बरोबर मध्ये, ठळक अक्षरांत. डावीकडे त्याच्या आधीचं बोलणं, उजवीकडे नंतरचं, दोन्हीकडे जागा संपली की वाक्य कापलेलं. माणूस कोण, तो का बोलत होता, पुढे त्याचं काय झालं, याच्याशी यंत्राला देणंघेणं नाही. त्याला मधल्या शब्दाशी मतलब. आजचा शब्द होता उम्फोलो. अर्थ सावली, गात्याना जिल्ह्यात बोलला जाणारा. कोश सोमवारी छापखान्यात जायचा होता आणि या नोंदीला तीन चांगली उदाहरणं हवी होती. तिने वरून वाचायला सुरुवात केली. ‘निलगिरीच्या उम्फोलोत बसून आम्ही’, हे छान. ‘गुरं उम्फोलोला उभी केली आणि मग’, हेही चालेल. तिसऱ्या ओळीशी तिचं बोट थांबलं. बोलणाऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: पुरुष, वय एकाहत्तर, गुराखी.

एकाहत्तर वर्षांचा गुराखी उम्फोलो म्हणाला? तो कशाला म्हणेल? हा तर सुनेचा शब्द. तिने चौथी ओळ पाहिली, पाचवी, दहावी. पुरुष, पुरुष, बाई, पुरुष. सगळ्या गात्यानाच्या अठरा टेप्समधल्या. मग तिची नजर उजवीकडच्या शेवटच्या रकान्यावर गेली, जिकडे सहसा कुणी बघत नाही. टेप कुणी ऐकून उतरवली त्याची आद्याक्षरं तिथे असतात. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस ओळींपुढे तिचीच होती. बाहेर समुद्राकडचा वारा खिडकीची काच खडखडवत होता, खाली अमाग्विन्या, म्हणजे पिठाचे गोळे, तळणाऱ्या बाईच्या कढईचा वास जिन्यातून वर येत होता, आणि बुलेल्वाने ती आद्याक्षरं वरपासून खालपर्यंत पुन्हा एकदा वाचली.

सासऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नाही, हे त्या मुलखात कुणाला शिकवावं लागत नाही. पण नाव नुसतं नाव नसलं, रोजच्या बोलण्यातला शब्दही असला, तर तो शब्दही तोंडातून गेला आणि त्याच्या मुळापासून निघणारी सगळी पिलावळही गेली. बुलेल्वाच्या सासऱ्यांचं नाव आणि खोसात सावलीला जो शब्द आहे तो, एकच. तो इथेही लिहायला नको. गोष्ट तिची आहे, तिच्यादेखत ते बरं दिसणार नाही. मराठीत सावली म्हटलं की आपलं भागतं. तिचं भागत नव्हतं. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी, डोक्यावरचा काळा रुमाल भुवयांपर्यंत ओढलेला, खांद्यावर शाल, आंबट दुधाचं मडकं हातात घेऊन तिने सासूला साधं विचारलं होतं, “आई, हे सावलीत ठेवू का?” सासूच्या हातातला लाकडी चमचा तसाच राहिला. दाराशी बसलेल्या नणंदेने तोंडावर हात घेतला. म्हातारीने आवाज चढवला नाही. क्षणभर छपराकडे बघितलं आणि म्हणाली, “या घरात उम्फोलो म्हणतात.” म्हणतात कसलं! बुलेल्वा त्या घरातली पहिली सून. तिच्याआधी त्या शब्दाची गरजच कुणाला पडली नव्हती. थंड होणं, दुखणं उतरणं, या अर्थाच्या क्रियापदाला शेपूट लावून म्हातारीने तो तिथल्या तिथे जुळवला होता. पुढे चार जावा आल्या, त्यांनाही तोच मिळाला. पाच बायका आणि एक घर, एवढाच त्या शब्दाचा जिल्हा.

त्याच आठवड्यात तिचं स्वतःचं नावही गेलं होतं. सासरी ती नोसाखेले झाली आणि आजही गात्यानाच्या फाट्यावर टॅक्सीतून उतरली की ती नोसाखेलेच असते. त्याचं तिला कधी दुःख झालं नाही. उलट मोंटीत बुलेल्वा आणि तिकडे नोसाखेले, म्हणजे दोन खोल्यांचं घर असल्यासारखं तिला वाटे, एकीत कंटाळा आला की दुसरीत जावं. सावलीचं मात्र तसं नव्हतं. तो शब्द दोन्ही खोल्यांतून गेला. मुलगी पहिलीत असताना झाडाचं चित्र काढून त्याखाली ‘झाड आणि झाडाची अमुक’ असं लिहायचं होतं, तेव्हा तिने पोरीला वडिलांकडे पाठवलं. चर्चमध्ये त्या शब्दाचं भजन सुरू झालं की तिचे ओठ मिटत आणि शेजारच्या बायका सुरातच असत, त्यामुळे कळत नसे. माणसाचा दरारा, त्याची पत, ज्याला तिकडे माणसाची सावलीच म्हणतात, तो शब्दही त्याच मुळाचा. तोही तिने टाकला. कुणाची पत गेली असं सांगायचं झालं की ती म्हणे, “त्याचं तेवढं गेलं,” आणि हाताने काहीतरी दाखवी. शब्दकोशाच्या कचेरीत नोकरी आणि तोंडात एक भोक. पण भोकाची सवय होते. दात पडलेल्या जागेवरून जीभ फिरणं एक दिवस थांबतं, तसं ते थांबलं होतं.

आणि टेप्स तिने लग्नानंतरच्या दुसऱ्या महिन्यात उतरवल्या होत्या. दिवसाला आठ तास, कानात म्हातारे, बोटांखाली कळफलक. ते काम करताना माणूस ऐकत नाही. आवाज कानातून शिरतो आणि बोटांतून निघतो, मध्ये आपण नसतोच, असं ती नव्या मुलींना मोठ्या तोऱ्यात शिकवत असे. पण मध्ये कुणीतरी होतं. मध्ये नोसाखेले बसली होती, रुमाल भुवयांपर्यंत ओढून, आणि दर वेळी तो शब्द आला की ती तो हळूच बाजूला ठेवून आपला पुढे करत होती. तपासणारा केप टाउनचा होता. त्याला वाटलं असेल, गात्यानात असंच म्हणत असतील. खुद्द मागाद्ला डोहनेकडचे. त्यांच्या लेखी नदीपलीकडचे लोक काहीही म्हणू शकतात.

“काय सिसी, मिळाले का तीन?” मागाद्लांचा आवाज आधी आला, मग पोट, मग ते.

“बघतेय, ताता.” बरोबरीच्या बाईला सिसी आणि वडीलधाऱ्या पुरुषाला ताता, अशी तिकडची हाक.

“निलगिरीचा घे. रेडिओवर मी तोच घेतला होता. त्या दिवशी किती फोन आले माहितीये? एक बाई रडली चक्क.” त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “माझा लाडका शब्द आहे हा. बाकीचं जग सावलीत नुसतं बसतं. गात्यानाचा माणूस सावलीत बरा होतो. शब्दातच आहे ते!”

ते रेडिओवरचं भाषण तिने स्वयंपाकघरात उभ्याने ऐकलं होतं. मका आणि घेवडा शिजत होता. मागाद्ला एका जिल्ह्याचं मन एका शब्दावरून उलगडून दाखवत होते आणि तिला चक्क अभिमान वाटला होता. कशाचा? तेव्हा कळलं नव्हतं का? आता खुर्चीत बसून ती स्वतःलाच दरडावून विचारत होती. उत्तर असं होतं की कळलं होतं आणि नव्हतं. दाराबाहेर कुणीतरी उभं आहे हे जसं कळतं आणि आपण दार उघडत नाही, तसं. गप्प राहिली तर काय होईल, याचा तिने विचार केला आणि तो विचार फार सोपा निघाला, म्हणून ती घाबरली. काहीही होणार नाही. सोमवारी कोश जाईल. नोंद सुबक आहे, शब्द गोड आहे. शंभर वर्षांनी कुणी पोर तो शब्द कवितेत घालेल. म्हातारी सासू दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या नावाचा दगडसुद्धा अजून बसवलेला नाही, निदान शब्द तरी राहील. बोलली तर? इथे भिंत होती. कारण चूक काय झाली हे सांगायलाही तोच शब्द लागत होता. साहेब, टेपवर माणसं अमुक म्हणत होती, मी तमुक लिहिलं. ते अमुक ती म्हणणार कशी?

तरी ती उठली. त्यांच्या टेबलासमोर उभी राहिली. बस म्हणाले, बसली नाही.

“ताता, तो शब्द नाहीये.”

“कुठला?”

“उम्फोलो. तसा शब्द नाही गात्यानात. तिथेही तुम्ही म्हणता तेच म्हणतात.”

“मी काय म्हणतो?”

तिने खिडकीबाहेर बोट दाखवलं. समोरच्या भिंतीवर विजेच्या खांबाची सावली पडली होती. मागाद्लांनी खांबाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मग तिच्या डोक्यावरच्या रुमालाकडे. शहरात ती रुमाल नुसता मागे बांधत असे. त्यांनी चष्मा खाली घेतला.

“सासऱ्यांचं नाव काय तुझ्या?”

तिने रुमाल भुवयांपर्यंत ओढला.

“अरे देवा,” मागाद्ला म्हणाले. “अरे देवा, माकोटी!” सतरा वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदा सूनबाई म्हटलं होतं. “म्हणजे आता मी काय छापू? ‘उम्फोलो, नाम, बुलेल्वाच्या सासरी बोलला जातो’? रेडिओवर जाऊन काय सांगू? त्या रडलेल्या बाईला काय सांगू?”

“माझी चूक आहे, ताता.”

“चूक तर आहेच! माझ्या आईनेही जन्मभर पाण्याला पाणी म्हटलं नाही, म्हणून तिने नकाशातली नदी नाही पुसली!” मग ते एकदम बसले, पेन उघडलं, बंद केलं. “एका दणक्यात बदलून टाकतो. एक कळ दाबली की सगळे उम्फोलो गेले.”

“नको,” ती म्हणाली. तिलाच आपला आवाज मोठा वाटला. “त्यातल्या एखाद्या बाईने खरंच काही वेगळं म्हटलं असेल. तिच्याही घरी काही असेल. ऐकल्याशिवाय कसं बदलायचं? मी ऐकते सगळ्या.”

“शुक्रवार संध्याकाळपर्यंत,” मागाद्ला म्हणाले. “आणि बदलायचं तूच. मी हात लावणार नाही. ज्याने सांडलं त्याने पुसायचं.”

गुरुवारभर ती कानात ते म्हातारे घेऊन बसली. मधे दोन तास वीज गेली, तेव्हाही कानातलं यंत्र काढायचं तिला सुचलं नाही. ओळ सापडायची, टेपमधली जागा सापडायची, आणि माणूस बोलू लागायचा. कोंबडा आरवायचा, कुणी खोकायचं, मग सहज, काहीच घडत नसल्यासारखा तो शब्द यायचा. पहिल्यांदा ती दचकली. पाचव्यांदाही दचकली. कुणीतरी भर रस्त्यात, घोळक्यात, सासऱ्यांना एकेरीत हाक मारावी तसं. तिने आजूबाजूला पाहिलं. कचेरीत कुणाला काही ऐकू जात नव्हतं, ते फक्त तिच्या कानात होतं, बाहेर पडायला वाट नव्हती. कान झाकता येतात, पण कान झाकायला जे लावलं होतं त्यातूनच आवाज येत होता. ओळीमागून ओळ तोच प्रकार. वेगळं बोललेली बाई एकही निघाली नाही.

अडतिसाव्या ओळीचा माणूस बोलू लागला तेव्हा तिला आधी खोकला ओळखू आला. दोन लहान, एक लांब. हात आपोआप रुमालाकडे गेला. टेप चौदा, पुरुष, वय सत्तर. विचारणारा एक विद्यार्थी होता, पुढे तो वकील झाला. ही टेपही तिनेच उतरवली होती, हातात आल्यापासून तीन दिवसांच्या आत, आणि घरी जाऊन कुणाला बोललीही नव्हती, कारण सुनेने सासऱ्याचं बोलणं दिवसभर ऐकलं हे सांगायचं कसं. पण ऐकलं कुठे होतं! आत्ता ऐकत होती. पोरगा म्हणाला, नाव सांगा, बाबा. आणि सासऱ्यांचा सतरा वर्षांपूर्वीचा, भरदार, जरा थट्टेखोर आवाज म्हणाला, माझं नाव अमुक. लिही. लिहिताना मोठ्याने म्हण बाळा. आमच्या घरात ते कुणी म्हणत नाही. आई म्हणायची, ती गेली. थोरला भाऊ म्हणायचा, तो खाणीतून परत आला नाही. बायको मला मोन्वाबिसीचा बाप म्हणते, गाव मला कुळाच्या नावाने जाम्बासे म्हणतं, आता सून आलीये, तिची तर बिचारीची बोलतीच बंद. मानच आहे तो, तक्रार नाही. पण हाक मारायला कुणी नाही. कधीमधी गुरांच्या कुंपणामागे जातो आणि आपलं आपणच म्हणून बघतो, आहे ना अजून. पोरगा हसला. सासरेही हसले, मग म्हणाले, हे लिहून झालं की आणून दाखव हं. मला बघायचंय कसं दिसतं ते.

तिने टेप थांबवली. पडद्यावर तिने त्या वेळी टाइप केलेली ओळ होती, शाबूत, एकही चूक नसलेली, नावात गळतो तसा पुढचा ‘उ’ तेवढा गळालेली: ‘माझं नाव म्फोलो. लिही. लिहिताना मोठ्याने म्हण बाळा.’ अख्ख्या भांडारात, एक कोटी शब्दांत, त्या माणसाने एकदाच आपलं नाव सांगितलं होतं आणि तिने ते पुसलं होतं. मान राखण्यासाठी. कुठेही बेअदबी झाली नव्हती. तिच्याइतकी निर्दोष सून सबंध गात्यानात सापडली नसती. तिला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. ती जिन्यात जाऊन उभी राहिली, खालून तेलाचा वास आला, परत आली.

संध्याकाळी तिचा नवरा मोन्वाबिसी गाड्यांच्या कारखान्यातली पाळी संपवून आला, तेव्हा तिने त्याला विचारलं, “तू कधी म्हणतोस तुझ्या वडिलांचं नाव?”

“मी?” तो बुटाची नाडी सोडत थांबला. “मुलगा बापाचं नाव घेत फिरतो होय गं? फॉर्मवर लिहितो.”

“तोंडाने?”

“बँकेतल्या बाईने विचारलं तर.” तो हसला, मग तिच्याकडे बघून हसायचा थांबला. “काय झालं? बरे आहेत ना ते?”

“बरे आहेत,” ती म्हणाली. “शनिवारी जाऊन येते.”

शुक्रवारी तिने दुरुस्ती केली, पण टाइप केलं नाही. बोटं त्या अक्षरांवर नेऊन पाहिली. बोटं तिची होती, ऐकत मात्र नव्हती. शेवटी तिला युक्ती सुचली. एका जुन्या वर्तमानपत्रातल्या ओळीत तो शब्द होता, तो तिने माऊसने निवडला, उचलला आणि आपल्या ओळीत ठेवला. परत गेली, उचलला, ठेवला. एक्केचाळीस वेळा, नजर जरा बाजूला ठेवून, दुसऱ्याच्या घरातली वस्तू चिमट्याने हलवावी तसं. मागाद्ला मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी सगळं पाहिलं, ‘हं’ म्हणाले आणि गेले. नंतर शिपायाच्या हाती चिठ्ठी आली: उम्फोलोची नोंद काढली आहे, तिच्या जागी दुसरा शब्द सोमवारी सकाळी शोधणं. खाली, वेगळ्या शाईत: रेडिओचं मी बघतो. तिने एक्केचाळीस ओळींचा कागद छापून घेतला. तो का घेतला हे तिचं तिला सांगता आलं नसतं. बघायचंय म्हणाले होते, एवढंच डोक्यात होतं, आणि सतरा वर्षं कुणी नेऊन दाखवलं नव्हतं.

टॅक्सीत तिच्या मांडीवर कुणाचीतरी कोंबडी होती. ग्चूवा गाव मागे पडलं आणि डांबर संपलं, तसा तिने रुमाल पुढे ओढला. आपण कबूल करायला चाललोय की नाव परत करायला, याचा विचार ती करत होती आणि दोन्हींचा शेवट एकाच ठिकाणी होत होता, तिच्या तोंडापाशी. सांगायचं तर सांगता येत नाही, दाखवायचं तर दाखवता येतं, म्हणून कागद. कागद बरा. कागद हातात द्यायचा आणि खाली बघायचं.

सासरे भिंतीला पाठ लावून खुर्चीवर बसले होते, ऊन गुडघ्यापर्यंत आलेलं. ती चटईवर बसली, त्यांच्या उजव्या अंगाला, जरा मागे, बसायचं तिथे. दोघी जावा पाण्यावर गेल्या होत्या.

“कोण? नोसाखेले?”

“हो, ताता.”

“मध्येच कशी? कुणी मेलं?”

“नाही, ताता.” आणि तिने सांगितलं. कसं सांगितलं ते तिलाच नीट आठवलं नाही, शब्दाला वळसा घालत, थांबत, मागे येत. म्हाताऱ्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. दोन लहान, एक लांब, असं खोकून झालं.

“म्हणजे सतरा वर्षं मी तुमच्या त्या मशीनमध्ये म्फोलो आहे?”

“हो, ताता. काल नीट केलं. हे छापून आणलंय. तुम्हाला बघायचं होतं.” तिने दोन्ही हातांनी कागद पुढे केला.

त्यांनी घेतला, डोळ्यांशी नेला, दूर नेला, उलटा केला. तेव्हा तिला त्यांचे डोळे दिसले. गेल्या ख्रिसमसला एकाच डोळ्यात मोतीबिंदूचं दूध उतरलं होतं, आता दोन्हींत. हे तिला कुणी कळवलं नव्हतं, किंवा तिने विचारलं नव्हतं.

“वास तर चांगला येतोय,” सासरे म्हणाले आणि कागद तिच्याकडे धरला. “वाच.”

तिने आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. एक डुक्कर कुंपणाशी अंग घासत होतं. ती म्हणाली, जावांना येऊ दे, पण त्याही सुनाच होत्या. ती म्हणाली, पोरं आली की. पोरं तर आजोबाच म्हणतात. म्हातारा कागद पुढे धरून बसला होता. तिने कागद घेतला. पहिल्या ओळीची डावी बाजू वाचली, “निलगिरीच्या...” आणि मध्ये थांबली, जितका वेळ तो शब्द म्हणायला लागतो तितकीच, मग उजवी बाजू वाचली, “...बसून आम्ही टोळांची वाट बघायचो.”

सासऱ्यांची मान तिरकी झाली. “पुन्हा.”

“निलगिरीच्या...”

“सावलीत!” सासरे म्हणाले.

“...बसून आम्ही टोळांची वाट बघायचो.”

“हा कोण बोलला? गामाखुलुचा पोरगा असणार. आळशी. पुढे.”

“गुरं...”

“सावलीला!”

“...उभी केली आणि मग कुंपण उघडलं.”

असं सुरू झालं. ती डावीकडचं वाचायची, थांबायची, आणि ते मधला शब्द टाकायचे, पहिल्यांदा खरखरत, मग मोकळ्या आवाजात, मग पोटातून. दर वेळी तो त्यांचं नाव होता आणि दर वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडचं. आंब्याच्या, डोंगराच्या, दुकानाच्या भिंतीच्या, मेलेल्या बैलाच्या. पंधराव्या ओळीला ते हसू लागले. तिसाव्या ओळीला डोळे पुसू लागले आणि हसतही होते. तिलाही हसू आलं, सासऱ्यांपुढे, रुमालाचं टोक तोंडाशी धरून. तिला वाटलं, हे चालेल, असं चालतंय, कुणी काही मोडलं नाही आणि तरी होतंय. शब्द माझा नाही, नुसती त्याच्या अलीकडची आणि पलीकडची जागा माझी. तेवढीच असेल तर तेवढी. ती जोरात वाचू लागली. अडतिसावी ओळ तिने शेवटी ठेवली होती. एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस झाल्या, आणि मग तिने ती वाचली.

“माझं नाव...”

ती थांबली. सासरे काही बोलले नाहीत. तिने थोडं थांबून उजवी बाजू वाचली, “...लिही. लिहिताना मोठ्याने म्हण बाळा.”

“मधलं राहिलं,” सासरे म्हणाले.

“तुम्ही म्हणा ना, ताता.”

“ते मी तेव्हाच म्हटलंय. टेपवर आहे.” हसणं थांबलं होतं. त्यांनी चेहरा तिच्याकडे वळवला, पांढऱ्या डोळ्यांचा, आणि सुनेच्या तोंडाकडे सासऱ्याने असं बघायचं नसतं, पण त्यांना दिसत नव्हतं. “आई गेली त्याला अठ्ठावन्न वर्षं झाली. इथे दुसरं कुणी नाही. तूच वाचतेयस.”

तिने तोंड उघडलं. ते नाव आणि म्फोलो, दोन्हींचा पहिला आवाज एकच, ओठ मिटून काढायचा. तिने ओठ मिटले. आवाज निघाला, नाकात घुमला, तिथपर्यंत सगळं बरोबर होतं आणि तिथपर्यंत ती तेच म्हणत होती. त्याच्यापुढे जीभ वर जायला हवी होती, दातांमागे. तिने ती वर न्यायचा प्रयत्न केला. स्वतःच्याच तोंडात आपण कोंडलो गेलोय आणि आतून दार ढकलतोय असं तिला वाटलं, आणि तो आवाज नाकात घुमतच राहिला, संपत आला, श्वास संपत आला, म्हातारा थोडा पुढे वाकला.

“...म्फोलो,” ती म्हणाली.

तिने डोळे मिटून घेतले. कुंपणाशी डुकराचं अंग घासणं चालू होतं. पाण्यावरून येणाऱ्या जावांचं बोलणं लांबून ऐकू यायला लागलं होतं.

“ओ,” सासरे म्हणाले.